‘सार्वकालिक’ या विशेषणाचा भार : ख्रिस्ती मराठी लेखनातील दया आणि नरक

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार भाषा, छंद आणि रचना या दृष्टीने झाला, तर एकोणिसाव्या शतकातील लेखनाचा विचार धर्मप्रसाराचे साधन आणि गद्याची जडणघडण या दृष्टीने. या वाङ्मयाचा आशय मात्र ईश्वरविद्येचा प्रांत म्हणून बहुधा बाजूला ठेवला जातो. त्यामुळे अभ्यासकाची सोय होते, हे खरे. परंतु ज्या प्रश्नांनी हे लेखक स्वतः अस्वस्थ झाले, ते प्रश्न वाचकाच्या नजरेआड होतात. ईश्वर परमदयाळू आहे आणि काही जीवांना अंत नसलेली शिक्षा होणार आहे, या दोन विधानांचा मेळ कसा घालावयाचा, हा त्यांपैकी सर्वांत बिकट प्रश्न होय. मराठीत तो केवळ धर्मशास्त्राचा राहिला नाही. तो शब्दांचाही झाला.

प्रश्नाचे मूळ शास्त्रवचनांतच आहे. दयेचे एक शास्त्र आणि दंडाचे दुसरे, अशी वाटणी करता येत नाही. जुना करार कठोर आणि नवा करार प्रेमळ ही लोकप्रिय समजूत वाचनात टिकत नाही. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेपुढे आपले नाव उच्चारतो, तेव्हा तो दयाळू आणि मंदक्रोध म्हणवून घेतो आणि त्याच दमात बापाच्या अपराधाची झळ नातवंडा-पणतवंडांपर्यंत पोहोचविणाराही म्हणवून घेतो. यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथात दुष्टाच्या मरणाने देवाला आनंद होत नाही असे सांगितले आहे. योनाच्या पुस्तकात तर दंड टळला म्हणून संदेष्टाच रुसून बसतो आणि देवाला त्याची समजूत घालावी लागते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या कराराच्या बहुतांश भागात मृतांचे स्थान म्हणजे ‘शिओल’ होय. मराठी पवित्र शास्त्रात त्यासाठी ‘अधोलोक’ हा शब्द रूढ आहे. तेथे चांगले-वाईट सर्वच जातात आणि तेथे अंधार व नि:शब्दता असते. यशयाच्या अगदी शेवटच्या वचनात न विझणारी आग आणि न मरणारा किडा येतात, तसेच दानिएलाच्या बाराव्या अध्यायात काहींना कायमची अप्रतिष्ठा प्राप्त होईल असे येते. हे उल्लेख वगळल्यास अंतहीन शिक्षेची कल्पना तेथे जवळजवळ नाही.

ती कल्पना ठसठशीतपणे येते ती नव्या करारात आणि तीही मुख्यत: येशूच्याच मुखातून. ‘गेहेन्ना’ हा मुळात यरुशलेमेच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्याचा वाचक शब्द आहे. त्या खोऱ्यात पूर्वी मुलांचे होम झाल्याची आठवण यिर्मयाच्या ग्रंथात नोंदलेली आहे. एका गावाजवळच्या शापित दरीचे नाव परलोकाला लाभले आणि मराठीत त्यासाठी ‘नरक’ हा शब्द आला. डोंगरावरील प्रवचनात तो एकाच अध्यायात तीनदा येतो. याच प्रवचनाने पुढे नीलकंठशास्त्री गोरे आणि नारायण वामन टिळक यांच्यासारख्या मराठी ब्राह्मणांना ख्रिस्ताकडे ओढले, हे लक्षात घेतले म्हणजे दया आणि नरक यांची गुंफण किती घट्ट आहे ते कळते. शत्रूवर प्रेम करा असे सांगणारा उपदेश ज्या पानावर आहे, त्याच पानावर नरकाचा धाकही आहे.

या गुंफणीचा सर्वांत बोलका नमुना मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सापडतो. किती वेळा क्षमा करावी या पेत्राच्या प्रश्नाला अगणित वेळा असे उत्तर मिळते आणि लगेच एक दृष्टांत येतो. राजा एका दासाला अफाट कर्ज सोडून देतो. तोच दास आपल्या सोबत्याला क्षुल्लक रकमेसाठी तुरुंगात टाकतो. राजा सूट मागे घेतो आणि सर्व कर्ज फिटेपर्यंत त्याला छळ करणाऱ्यांच्या हवाली करतो. दया नाकारणाऱ्याला दया नाकारली जाते, हा अर्थ उघड आहे. पण ‘फिटेपर्यंत’ या शब्दाचे काय? कर्ज इतके मोठे आहे की ते कधी फिटणारच नाही, असे एक मत आहे. मुदत सांगितली त्या अर्थी ती संपणारी आहे, असे दुसरे. मराठी वाचकाला येथे ‘ऋण’ ही कल्पना आठवल्यावाचून राहत नाही. मराठी प्रभुप्रार्थनेतही पापाला ‘ऋण’च म्हटले आहे. ऋण या कल्पनेतच फेड गृहीत असते. जे कधीच फिटू शकत नाही त्याला आपण ऋण म्हणत नाही, किंवा म्हटलेच तर आईच्या ऋणासारखे गौरवाने म्हणतो.

यापुढे खरी गाठ पडते ती मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या अखेरीस. भुकेल्यांना अन्न देणारे आणि न देणारे यांचा निवाडा होतो. एकांना जीवन, दुसऱ्यांना शिक्षा. दोहोंना ग्रीकमध्ये एकच विशेषण आहे, ‘आयोनिओस’. ‘आयोन’ म्हणजे युग. त्यावरून झालेल्या या विशेषणाचा अर्थ ‘येणाऱ्या युगाचे’ असा करावा की ‘अंत नसलेले’ असा करावा, यावर ख्रिस्ती जगात सतरा-अठरा शतके वाद चालू आहे. तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने शिक्षा ही औषधासारखी असून शेवटी सर्व जीव ईश्वराकडे परततील असे प्रतिपादन केले. चौथ्या शतकातील निस्सा येथील ग्रेगरी याच मताकडे झुकला. ऑगस्टिनने ‘देवनगरी’च्या एकविसाव्या ग्रंथखंडात याउलट एक साधा, पण धारदार युक्तिवाद केला : विशेषण एकच असेल तर शिक्षा संपणारी आणि जीवन न संपणारे असे म्हणता येणार नाही. पश्चिमेत ऑगस्टिनचे मत रूढ झाले. सहाव्या शतकात ओरिजेनवादाचा निषेधही झाला. तरीही, देव सर्वांवर दया करणार आहे, सर्वांचे तारण व्हावे अशी त्याची इच्छा आहे, शेवटी तो सर्वांत सर्व होणार आहे, ही पौलाच्या नावावरील पत्रांतील वचने जागच्या जागी राहिली. ती कोणी पुसली नाहीत आणि पुसता येणारही नव्हती.

मराठीत हे विशेषण ‘सार्वकालिक’ म्हणून स्थिरावले. सेरामपूर येथे १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला, १८२६ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपला अनुवाद काढला. पुढे अनेक संस्करणे होऊन जो पाठ रूढ झाला, त्यात ‘सार्वकालिक जीवन’ हा शब्दप्रयोग इतका घट्ट बसला की आज तो ख्रिस्ती मराठीची ओळखच झाला आहे. त्याच विशेषणाला शिक्षाही जोडली गेली. वस्तुत: ‘आयोन’ला मराठीत ‘युग’ हा अगदी जवळचा शब्द उपलब्ध होता, ‘युगानुयुग’ हा प्रयोग त्याच पाठात स्तुतिवचनांत येतोही. परंतु भारतीय मनाला युग संपते हे ठाऊक आहे. चार युगे, मन्वंतरे, कल्प, एकामागून एक येतात आणि जातात. ‘युगीन शिक्षा’ म्हटले असते तर ती कितीही दीर्घ असली तरी तिला शेवट आहे, असे मराठी ऐकणाऱ्याने तत्क्षणी धरले असते. ‘सार्वकालिक’ या घडीव, काहीशा कोरड्या शब्दाची योजना म्हणूनच महत्त्वाची ठरते. अर्थाची ती एक वाट तो बंद करतो.

विशेषणाचा बंदोबस्त झाला, नामाचे काय? ‘नरक’ हा शब्द मराठीत रिकामा आलेला नाही. गरुडपुराणातील यातनांची वर्णने कीर्तनांतून, चित्रपटांतून आणि मर्तिकाच्या दिवसांतील वाचनातून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहेत. ती वर्णने ख्रिस्ती नरकापेक्षा सौम्य नाहीत; कित्येकदा अधिक भयंकर आहेत. परंतु त्या नरकाला मुदत आहे. कर्माचा भोग संपला की जीव पुन्हा जन्म घेतो. नरक हा मुक्काम आहे, वस्ती नव्हे. त्यामुळे ख्रिस्ती कल्पनाविश्वातील ज्या गोष्टीशी पौराणिक नरकाचे खरे साम्य आहे, ती नरक नसून कॅथलिक परंपरेतील शुद्धिस्थान होय. तेथे यातना आहेत, पण त्या शुद्ध करणाऱ्या आणि संपणाऱ्या आहेत. मराठीत ‘नरक’ हे नाव चुकीच्या घराला लागले, असे थोडे धाडसाने म्हणता येईल. प्रॉटेस्टंट मिशनांना तर शुद्धिस्थान मान्यच नव्हते; तेव्हा मुदतीच्या नरकाला त्यांच्या मांडणीत जागा उरली नाही आणि शब्द मात्र मुदतीच्या नरकाचा राहिला.

येथे एका सरसकट विधानाला आवर घातला पाहिजे. हिंदू परंपरेत अंतहीन नरकाची कल्पनाच नाही, असे वर्गात सहज सांगितले जाते. ते खरे नाही. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी जीवांचे स्वभावत: भेद मानले आणि ‘तमोयोग्य’ जीवांना अंधतमसातून कधीच सुटका नाही असे प्रतिपादिले. हे मत इतर वेदान्त्यांना रुचले नाही, हा भाग वेगळा. पण गोव्यातील आणि कर्नाटक किनाऱ्यावरील सारस्वतांचा मोठा वर्ग माध्व वैष्णव होता आणि गोकर्ण-पर्तगाळी मठाची परंपरा याच संप्रदायाची आहे. स्टीफन्सचे पुराण ज्या साष्टीत ऐकले गेले, तेथील काही घराण्यांच्या पूर्वस्मृतीत अंतहीन अंधाराची कल्पना अगदीच परकी नसावी, अशी शक्यता मोकळी ठेवावी लागते.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द नि:संकोच वापरला आणि नरकासाठी यमाच्या नावाशी निगडित शब्द स्वीकारले. गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत ‘यमकोंड’ हा शब्द आजही आहे. स्टीफन्सची पद्धत कथेची आहे. पहिल्या पुराणात आदिपुरुषाच्या पतनापासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतचा विस्तार आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. दया आणि दंड यांचा वाद तो सिद्धान्तरूपाने सोडवीत बसत नाही. तो त्यांना कालक्रमात मांडतो. आधी पतन, मग दीर्घ प्रतीक्षा, मग तारण. मृत्यूनंतर ख्रिस्त अधोलोकात उतरतो आणि वाट पाहणाऱ्या पूर्वजांना मुक्त करतो, ही श्रद्धा ख्रिस्ती विश्वासांगीकारातच आहे आणि पुराणकथेला ती विलक्षण मानवते. यमाच्या दारात जाऊन बंदिवानांना सोडविणारा वीर मराठी श्रोत्याला ओळखीचा होता.

परंतु ही सुटका ख्रिस्तपूर्व इस्राएलच्या पूर्वजांची होती. साष्टीच्या श्रोत्याचे स्वत:चे पूर्वज कोठे होते? हाच प्रश्न फ्रान्सिस झेवियरला जपानमध्ये नवख्रिस्ती लोकांनी विचारला होता. आपले मेलेले आईबाप, मुले नरकात आहेत आणि त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही, हे ऐकून ते रडत, अशी नोंद त्याने १५५२ च्या प्रारंभी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात केली आहे. त्यांना इतके प्रेमाने रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटले, असेही तो लिहितो. ज्याचा देह गोव्यात ठेवलेला आहे, त्या संताच्या लेखणीतून उतरलेली ही कबुली मराठी अभ्यासकाने नीट वाचावी. श्राद्ध हा ज्या समाजाच्या कौटुंबिक जीवनाचा कणा, त्या समाजात धर्मांतर म्हणजे केवळ देव बदलणे नव्हते. पितरांचा हात सोडणे होते. सार्वकालिक शिक्षेच्या सिद्धान्ताची धार सर्वप्रथम लागते ती येथे.

नीलकंठशास्त्री गोरे यांचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. १८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताची श्रेष्ठता सांगणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास तीन पंडितांकडून उत्तरे गेली. त्यांपैकी ‘सोमनाथ’ या नावाने लिहिणारे सीहोरचे सुबाजी बापू हेही महाराष्ट्रीयच. दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरे उत्तर वयाची विशीही जेमतेम गाठलेल्या नीलकंठांचे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. सदाशिव कात्रे यांनी ते संपादून १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध केले; रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मध्ये या तिन्ही उत्तरांचा विस्तृत अभ्यास केला. मराठीच्या अभ्यासक्रमात हा ग्रंथ येत नाही, कारण तो संस्कृतात आहे. पण एका मराठी मनाने ख्रिस्ती मताला घेतलेले आक्षेप इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे क्वचितच सापडतील.

नीलकंठांचा मूळ मुद्दा प्रमाणाचा होता. म्यूर तर्काच्या कसोटीवर धर्म पारखू पाहतो. परंतु शास्त्र श्रद्धेने स्वीकारावयाचे असते आणि तर्क त्याच्या मागून चालतो. तर्कच लावायचा तर तो ख्रिस्ती शास्त्रालाही लावावा लागेल आणि मग तेही टिकणार नाही. या दुसऱ्या अंगाच्या ओघात मुदतीचा प्रश्न येतो. थोड्या वर्षांच्या आयुष्यात केलेल्या पापाला न संपणारी शिक्षा देणारा ईश्वर दयाळू कसा? आणि आपण निर्माण केलेले जीव तेथेच जाणार हे ठाऊक असताना त्याने ते निर्माण का करावेत? कर्म आणि पुनर्जन्म मानले की विषमतेची उपपत्ती लागते आणि ईश्वराच्या दयेलाही वाव राहतो, असे या युक्तिवादाचे धोरण.

या ग्रंथानंतर तीन-चार वर्षांतच, १४ मार्च १८४८ रोजी, नीलकंठशास्त्रींनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी काशीत झालेले वाद, डोंगरावरील प्रवचनाचे वाचन, असा तो प्रवास. त्यांनी आपल्या आक्षेपांची उत्तरे सापडली म्हणून धर्मांतर केले, असे समजणे सोपे आहे. सार्वकालिक शिक्षेच्या बाबतीत तरी तसे झालेले दिसत नाही. १८६० मध्ये त्यांचा हिंदी ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी पूर्वी ज्यांच्या आधारे उभे राहिले होते त्याच दर्शनांचे खंडन केले. १८६८ मध्ये कलकत्त्यास त्यांनी सार्वकालिक शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांविषयी स्वतंत्र इंग्रजी पुस्तिका छापली. या बचावामागे स्वत:चीच अस्वस्थता होती. हा सिद्धान्त त्यांना जन्मभर छळीत राहिला, हे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे.

मग त्यांनी तो सोडला का नाही? याचे उत्तर त्यांच्या पहिल्या ग्रंथातच आहे. शास्त्र हे तर्काने निवडावयाचे नसते, ही त्यांची विशीतली भूमिका धर्मांतराने बदलली नाही. फक्त शास्त्र बदलले. काशीच्या पंडिताने वेदाच्या बाजूने जे म्हटले, तेच ख्रिस्ती गोरे यांनी पवित्र शास्त्र आणि मंडळी यांच्या बाजूने म्हटले. शब्दप्रमाण एकदा स्वीकारले की त्यातील गोड तेवढे उचलता येत नाही. ब्राह्मो मंडळींशी त्यांचा जो दीर्घ वाद झाला त्याचे मर्म हेच होते : ईश्वराची दया तेवढी ठेवून त्याचा न्यायदंड गाळणे म्हणजे आपल्या पसंतीचा ईश्वर घडविणे होय. या युक्तिवादात सामर्थ्य आहे. पण त्याची किंमत काय, हेही दिसते. प्रमाणाने बुद्धीचे तोंड बंद झाले. मन स्वस्थ झाले नाही.

हा काळही मोठा विलक्षण होता. महाराजा दुलीपसिंग यांचे पंडित म्हणून गोरे इंग्लंडला गेले, त्याच सुमारास लंडनच्या किंग्ज कॉलेजातून एफ. डी. मॉरिस यांना ‘सार्वकालिक’ हे कालमापक नसून गुणवाचक विशेषण आहे असे लिहिल्याबद्दल १८५३ मध्ये काढून टाकण्यात आले होते. १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत फ्रेडरिक फॅरर यांनी अंतहीन नरकाच्या रूढ कल्पनेवर प्रवचनांतून हल्ला चढविला आणि एकच गदारोळ उठला. हे फॅरर जन्माने मुंबईचे. त्यांचे वडील नाशिकला मिशनरी होते. त्यांना १८८० मध्ये उत्तर दिले ते ऑक्सफर्डच्या पुसी यांनी. पुसींनी शिक्षेचा अंतहीनपणा राखला, पण बहुसंख्य माणसे तिला पात्र ठरतात हे मानण्याचे कारण नाही आणि मृत्यूनंतर शुद्धीला अवकाश आहे, असे सांगून तिची धार पुष्कळच बोथट केली. गोरे पुण्यात ज्या काउली फादर्सच्या निकट होते, ते याच पुसीपरंपरेतले. म्हणजे पूर्वाश्रमीच्या पंडिताला मुदतीची शिक्षा पुन्हा भेटली. मात्र नरकात नव्हे, त्याच्या अलीकडे.

पंडिता रमाबाईंनी आपल्या धर्मांतराच्या संदर्भात गोरे यांच्या लेखनाचे ऋण मान्य केले होते; पण प्रमाणाविषयीची त्यांची भूमिका नेमकी उलट होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, त्यात भारतीय पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाची आज्ञा डोळे मिटून मानण्यास त्यांनी साफ नकार दिला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेली ही पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. गोरे यांना जे शब्दप्रमाण आधार वाटले, ते रमाबाईंना विवेकाच्या आड येणारे वाटले. एकाच शहरातील, एकाच जातीतील, संस्कृतात तितक्याच निष्णात अशा दोन व्यक्तींमधला हा फरक ‘ब्राह्मण धर्मांतरित’ या एका शीर्षकाखाली दडून जातो. तो दडू देऊ नये.

नारायण वामन टिळकांकडे आले म्हणजे हवाच पालटते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे प्रसिद्ध आहे. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त प्रामुख्याने माऊली आहे, न्यायाधीश नव्हे. आणि आई लेकराला अंत नसलेली शिक्षा देते, असे मराठी भक्तीच्या भाषेत म्हणताच येत नाही. ती भाषा तसे वाक्य घडूच देत नाही. ज्ञानदेवांच्या पसायदानात दुष्टांच्या नाशाची नव्हे, त्यांच्या दुष्टपणाच्या लोपाची याचना आहे. ज्या कवीचा कान या परंपरेवर घडला, त्याच्या भक्तिकवितेचा सूर दंडाचा राहणार नाही, हे ओघानेच आले. टिळकांनी सिद्धान्त नाकारला असे मात्र म्हणता येत नाही. त्यांनी तो गायला नाही, एवढेच. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान दिले. तारणाची सीमारेषा बाप्तिस्म्याच्या पाण्याशी संपत नाही, हे यातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या प्रबंधातून झाले नसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, आपल्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेतात त्यांनाही तारण मिळू शकते, असे मान्य केले. झेवियरच्या श्रोत्यांना हवे असलेले उत्तर चारशे बारा वर्षे उशिरा आले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या मराठी लेखनाची मोकळी, संवादी भूमिका या बदललेल्या वातावरणाशी सुसंगत आहे.

वसईपासून फार दूर नसलेल्या भिवंडीसारख्या गावात हे वाङ्मय शिकविले जाते, तेव्हा त्याला एक वेगळे परिमाण लाभते. कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली, आगरी, कुणबी, अशा घरांतील मुले तेथील वर्गांत एकत्र बसतात. एकशे चौदांपैकी एकशे तेरा सूरांचा प्रारंभ ईश्वराच्या दयेच्या दोन नावांनी होतो, हे ठाऊक असलेला विद्यार्थी ‘जहन्नम’ही जाणतो; तो शब्द आणि ‘गेहेन्ना’ एकाच मुळाचे आहेत, हे कळल्यावर त्याला नवल वाटते. अग्नीला शेवट आहे की नाही, हा वाद त्याच्याही परंपरेत झाला आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न कय्यिम याने त्याची सविस्तर चर्चा केली. शेजारच्या विद्यार्थ्याने आजोबांच्या दहाव्याला गरुडपुराण ऐकलेले असते. हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव अरबीतून एकाच्या घरी आलेले असते, यमाचे नाव संस्कृतातून दुसऱ्याच्या. आणि दोघांच्याही समोर उघडलेल्या पानावर स्टीफन्सची ओवी असते.

अशा वर्गात विद्यार्थ्याला पहिली अडचण येते ती अग्नीची नव्हे, यातनांची नव्हे, निवाड्याचीही नव्हे. हे सर्व त्याला घरून ठाऊक असते. तो अडतो तो ‘सार्वकालिक’ या शब्दापाशी. शिक्षा कशासाठी, हे तो विचारीत नाही. किती दिवस, हे विचारतो. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिताना काशीतील त्या तरुण पंडिताने हेच विचारले होते आणि पुढे पुण्यात, ख्रिस्ती धर्मगुरूच्या वेषात, १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांना हा प्रश्न पुरता टाकून देता आला नाही.